इस्लामी संस्कृतीवरचा शोधनिबंध: वाचकांचे प्रश्न, संपादकीय उत्तरे

इस्लामी इतिहास आणि संस्कृतीला वाहिलेल्या शोधपत्रिकांकडे निबंध कसा पाठवावा, याविषयी आलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. विचारणारे बहुतेक जण दख्खनवर काम करणारे आहेत. कोणी दर्ग्यांच्या सनदा पाहतो, कोणी निजामशाही वास्तू, कोणी मोडी-फार्सी दफ्तरे. उत्तरेही त्याच सामग्रीला धरून दिली आहेत.

माझी पीएच.डी. खुलताबादच्या दर्ग्यांना मिळालेल्या इनामांवर आहे. गाईड म्हणतात, 'इस्लामी संस्कृतीच्या एखाद्या जर्नलला पाठव.' पण नेमके कोणत्या?
– संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

शोधपत्रिका विषयावरून निवडू नका. निबंध कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, ते पाहून निवडा. तुमच्याच इनाम-सनदांतून चार वेगळे निबंध निघू शकतात आणि त्या चौघांची घरे वेगळी आहेत. इनाम आणि वक्फ यांतला कायदेशीर फरक, मुतवल्लीचे (वक्फ सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाचे) अधिकार, काजीचा निवाडा हा गाभा असेल तर १९९४ पासून निघणारे 'इस्लामिक लॉ अँड सोसायटी'. गावचा वसूल, इनामदार आणि रयत यांचे संबंध हा गाभा असेल तर दिल्लीहून निघणारे 'इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू'. तिथे 'इस्लामी' या शब्दापेक्षा जमीनमहसुलाची समज जास्त तपासली जाते. सनदेची घडण, मोहरा, तुघरा (गुंफलेल्या अक्षरांचे राजचिन्ह), कागद, लेखनिकाच्या खुणा हे सांगायचे असेल तर 'जर्नल ऑफ इस्लामिक मॅन्युस्क्रिप्ट्स' किंवा 'जर्नल ऑफ पर्शियनेट स्टडीज'. दर्ग्याच्या इमारतीविषयी असेल तर १९८३ पासून निघणारे 'मुकर्नस' हे वार्षिक. सूफी परंपरेचा बौद्धिक इतिहास असेल तर ऑक्सफर्डचे 'जर्नल ऑफ इस्लामिक स्टडीज' (१९९० पासून).

निवड बरोबर आहे का, याची एक साधी कसोटी आहे. त्या पत्रिकेचे गेल्या पाच वर्षांचे अंक चाळा. तुमचा निबंध ज्यांच्याशी सहमत किंवा असहमत होतो, असे तीन-चार लेख तिथे सापडले पाहिजेत. एकही सापडला नाही, तर संपादक तो समीक्षकांकडे न पाठवताच परत करील आणि त्यात त्याची चूक नसेल.

जुने अंक पाहिल्याशिवाय मात्र 'ही सनद प्रथमच प्रकाशात येत आहे' असे लिहू नका. हैदराबादहून १९२७ मध्ये 'इस्लामिक कल्चर' हे त्रैमासिक निजामाच्या आश्रयाने सुरू झाले. कुराणाचे इंग्रजी भाषांतर करणारे मार्माड्यूक पिक्थॉल हे त्याचे पहिले संपादक. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता, त्यामुळे दख्खनवरचे काम त्या खंडांत पाहिल्यावाचून चालणार नाही. शिलालेखांसाठी 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' आणि तिच्या जागी पुढे आलेली 'एपिग्राफिया इंडिका'ची अरबी-फार्सी पुरवणी पाहा. कागदपत्रांसाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेले, ग. ह. खरे यांनी संपादलेले फार्सी कागदांचे खंड पाहा. समीक्षक सगळ्यांत आधी तिथेच शोधतो.

परदेशी पत्रिका वाचायला पैसे लागतात, ही अडचण थोडी हलकी झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी विद्यापीठे आणि महाविद्यालयांना १३,००० हून अधिक नियतकालिके खुली आहेत. ग्रंथपालांना विचारा.

शब्दांवर टिंबे आणि रेघा द्यायच्या म्हणजे नक्की काय? मी मोडी कागदांतून 'काजी', 'हजरत', 'इनाम' असे शब्द घेते आणि इंग्रजीत सरळ लिहिते. संपादकांनी 'लिप्यंतर एकसारखे नाही' म्हणून निबंध परत पाठवला.
– प्राध्यापिका, पुणे

मराठीतून या क्षेत्रात येणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण हीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. देवनागरी आणि मोडीत अरबी-फार्सी अक्षरांचे भेद पुसले जातात. आपला एकच 'ज' फार्सीतल्या 'ज़' उच्चाराच्या चार वेगळ्या अक्षरांसाठी येतो. 'जात' हा शब्द ज़ालने लिहितात, 'जमीन' ज़ेने, 'काजी' आणि 'हजरत' ज़ादने, 'नजर' आणि 'जाहीर' ज़ोयने. 'स'साठी से, सीन, साद अशी तीन अक्षरे आहेत, 'त'साठी ते आणि तोय. 'इनाम' या शब्दाच्या पोटात तर एक ऐन (कंठातून उच्चारायचे अरबी अक्षर) आहे, त्याचा देवनागरीत मागमूसही नाही. म्हणून मोडी शब्द पाहून रोमन लिपीत उतरवणे म्हणजे अंदाज बांधणे ठरते. प्रत्येक पारिभाषिक शब्द स्टाइनगासच्या फार्सी कोशात काढा, मूळ अक्षरे पाहा आणि मगच रोमन रूप ठरवा. साठ-सत्तर शब्दांची एक तक्ता-वही करून ठेवली की पुढचे सगळे लेखन सोपे जाते.

पद्धत कोणती वापरायची, ते पत्रिका सांगते. सर्वाधिक चालणारी पद्धत 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ मिडल ईस्ट स्टडीज'ची. तिच्यात अरबी आणि फार्सीचे स्तंभ वेगळे आहेत, हे बरेच जण विसरतात. ज़ाद अरबी स्तंभात टिंब असलेल्या 'डी'ने दाखवतात, फार्सी स्तंभात वर टिंब असलेल्या 'झेड'ने. वाव हे अक्षर अरबीत 'डब्ल्यू', फार्सीत 'व्ही'. एकाच परिच्छेदात काजी दोन तऱ्हांनी लिहिला गेला, तर कारण बहुधा हेच असते. या पद्धतीत व्यक्तींची आणि गावांची नावे टिंबे-रेघांविना लिहितात, फक्त ऐन आणि हमजा ठेवतात. पूर्ण चिन्हे पारिभाषिक शब्दांनाच. 'अल' पुढच्या व्यंजनात मिसळत नाही, म्हणून आपला 'बुऱ्हाणुद्दीन' तिथे 'बुरहान अल-दीन' होतो. 'एन्सायक्लोपीडिया ऑफ इस्लाम'ची पद्धत निराळी आहे आणि तिच्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीतही फरक आहे. पत्रिकेने नुसते 'एन्सायक्लोपीडियाप्रमाणे' म्हटले असेल, तर कोणती आवृत्ती, ते विचारून घ्या.

आता मराठी संशोधकाचा खास पेच. शेख महंमद श्रीगोंदेकरांसारख्या संतकवीवर लिहिताना एकाच निबंधात मराठी ओवीही येते आणि फार्सी-अरबी संज्ञाही. संस्कृत-मराठीसाठी रूढ असलेल्या रोमन पद्धतीत खाली टिंब असलेला 'एस' म्हणजे 'ष', टिंब असलेला 'टी' म्हणजे 'ट', 'डी' म्हणजे 'ड' आणि 'एच' म्हणजे विसर्ग. अरबी पद्धतीत तीच चार चिन्हे अनुक्रमे साद, तोय, ज़ाद आणि 'मोठा हे' ही अक्षरे दाखवतात. चिन्ह तेच, आवाज वेगळा! यावर उपाय असा: पहिल्या तळटीपेत दोन्ही पद्धतींची नावे द्या. मराठी मजकुरातून घेतलेला शब्द मराठी पद्धतीने आणि फार्सी मजकुरातून घेतलेला फार्सी पद्धतीने लिहिला आहे, हे सांगा. शब्दापुढे गोंधळ शक्य असेल तिथे भाषेचे नाव घाला. अशी टीप पाहून समीक्षकाचा निबंधावरचा विश्वास तिथेच वाढतो.

हिंदुस्थानी फार्सीत 'ए' आणि 'ओ' हे जुने स्वर टिकून होते, आजच्या इराणी उच्चारात ते 'ई' आणि 'ऊ' झाले. 'शेर' लिहायचे की 'शीर', हे एकदाच ठरवा. दख्खनच्या कागदांसाठी हिंदुस्थानी उच्चार धरणे आम्हाला योग्य वाटते. मात्र तसे लिहून सांगितले पाहिजे, नाहीतर इराणी साहित्याचा समीक्षक ती चूक समजेल.

टंकाचे दोन नियम आहेत. सगळे युनिकोडमध्ये हवे. जुन्या मराठी फॉन्टमधला किंवा इनपेजच्या जुन्या आवृत्तीतला उर्दू मजकूर संपादकाच्या संगणकावर चौकोन होऊन उघडतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि एकेक ओळ मूळाशी ताडून पाहा, कारण रूपांतरात ये आणि हे ही अक्षरे हमखास बिघडतात. दुसरा नियम ऐन आणि हमजा यांचा. ते साध्या अवतरणचिन्हाने दाखवू नका. वर्ड आपोआप त्या चिन्हांची तोंडे फिरवते आणि ऐनचा हमजा होतो. त्यांच्यासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र अर्धवर्तुळे आहेत, तीच वापरा. जेंटियम हा मोफत फॉन्ट हे सगळे नीट दाखवतो.

मोडी कागदावर सुहूर सन आहे, महिना मुसलमानी आहे, सोबतच्या फार्सी मजकुरात हिजरी आहे आणि नकलेवर फसली. इंग्रजी निबंधात कोणते वर्ष लिहू?
– अभ्यासक, अहिल्यानगर

सगळी लिहा, पण क्रमाने: आधी कागदावर जशी आहे तशी तारीख, मग हिजरी, मग इसवी. वाचणाऱ्याला तुमचे गणित उलटे करून पाहता आले पाहिजे.

सुहूर या मराठी दफ्तरांतल्या सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. दख्खनी फसलीत, म्हणजे महसुली सनात, हेच आकडे ५९० आणि ५९१. म्हणजे एकाच दिवशी फसलीचा आकडा सुहूरपेक्षा ९ ने जास्त असतो. दोन्ही वर्षे सौर आहेत. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. तीनही सनांचे आकडे त्या काळात जवळजवळ असल्याने घोळ होतो. उदाहरण घ्या. 'खमस सबैन व अलफ' म्हणजे ५, ७० आणि १०००, सुहूर १०७५. हे इसवी १६७४–७५, म्हणजे राज्याभिषेकाचे साल. हाच आकडा हिजरी समजून बदलला तर १६६४–६५ येते आणि दहा वर्षांची चूक होते. अरबी संख्याशब्दांत सबा (७) आणि सबैन (७०), तिसा (९) आणि तिसैन (९०), समान (८) आणि समानीन (८०) या जोड्या मोडीत घाईने वाचल्या की फसवतात.

यापुढचा खड्डा जास्त खोल आहे. मोडी कागदात वर्ष सुहूर असते, पण 'छ' या चांद्र तारखेच्या खुणेपुढची तिथी आणि महिना चांद्र हिजरी असतो. म्हणून सुहूर वर्षातून थेट तारीख निघत नाही. आधी त्या सुहूर वर्षात कोणती हिजरी वर्षे पडतात, ते पाहावे लागते. सुहूर १०७५ मध्ये हिजरी १०८५ चा बहुतेक भाग आणि १०८६ ची सुरुवात येते, कारण हिजरी १०८६ ग्रेगोरियन २८ मार्च १६७५ ला लागले. म्हणून त्या वर्षातला मोहरम किंवा सफर १०८६ चा, रबिलाखरपासून जिल्हेजपर्यंतचे महिने १०८५ चे. रबिलावलचे पहिले काही दिवस मात्र सुहूर वर्षाच्या दोन्ही टोकांना येतात! तिथे कागदावरचा वार जुळवून पाहा. वार नसेल तर दोन्ही शक्यता लिहा आणि मजकुरातल्या कोणत्या गोष्टीमुळे तुम्ही एक निवडली, ते सांगा. 'खरे जंत्री' किंवा 'मोडक जंत्री' ही तारखा जुळवण्याची कोष्टके हाताशी ठेवा. संगणकावरचे हिजरी-इसवी परिवर्तक गणिती पंचांगाने चालतात, प्रत्यक्ष चंद्रदर्शन एखाद्या दिवसाने पुढेमागे होते. तेव्हा तारखेत एक दिवसाचा फरक गृहीत धरा.

इसवी तारीख ज्युलियन की ग्रेगोरियन, हेही लिहा. ६ जून १६७४ ही ज्युलियन तारीख आहे, ग्रेगोरियननुसार तो दिवस १६ जून. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुने पंचांग चालवले, पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवे घेतले. सतराव्या शतकातले सुरतेच्या वखारीचे पत्र आणि गोव्याचे पत्र एकाच घटनेविषयी असेल, तर तारखांत दहा दिवसांचा फरक दिसेल आणि तो फरक घटनेतला नसेल.

गावांच्या बदललेल्या नावांविषयीही विचारणा झाली आहे. सतराव्या शतकाविषयी लिहिताना कागदातले नाव ठेवा, पहिल्या उल्लेखात आजचे नाव द्या. सूचक शब्दांत (कीवर्ड) मात्र अहमदनगर, औरंगाबाद ही नावे असू द्या. जगभरच्या ग्रंथालयांच्या सूच्या अजून त्यांवरच चालतात आणि तुमचा निबंध तिथूनच सापडणार आहे.

प्रबंधाचे तिसरे प्रकरण जसेच्या तसे पाठवले तर चालेल का? ते ७० पानांचे आहे.
– संशोधक विद्यार्थी, नांदेड

नाही. बहुतेक पत्रिका तळटीपांसह ८,००० ते १२,००० शब्द घेतात. पण नुसते कापून निबंध होत नाही. प्रबंधातले प्रकरण परीक्षकाला 'मी सगळे वाचले आहे' हे दाखवते. निबंधाला एकच गोष्ट सिद्ध करायची असते. 'निजामशाहीतील सांस्कृतिक समन्वय' हे प्रकरणाचे नाव आहे. 'मलिक अंबरच्या काळातल्या द्विभाषिक सनदांत मराठी मजकूर फार्सीचा अनुवाद नाही, त्यात स्वतंत्र अटी आहेत' हा निबंधाचा मुद्दा झाला, अर्थात तुमच्या सनदा तसे दाखवत असतील तर.

'समन्वय' या शब्दाशी जपून वागा. दर्ग्यात हिंदू येतात, मुसलमान कवी अभंग लिहितो, एवढ्यावरून 'गंगा-जमनी संस्कृती' असा निष्कर्ष काढलेले निबंध संपादकांकडे ढिगाने येतात. कोण, कोणत्या हक्काने, कोणत्या विधीत, कोणत्या साली सहभागी होते, हे कागदाने दाखवले तर तोच विषय एकदम मोलाचा होतो.

आधारग्रंथांकडेही तसेच पाहा. फिरिश्ता, खाफीखान या फार्सी इतिहासकारांची अवतरणे एलियट-डाऊसनच्या किंवा ब्रिग्जच्या भाषांतरातून घेतली असतील, तर मूळ फार्सी पाठाशी ताडल्याशिवाय पाठवू नका. ब्रिग्जचे १८२९ चे भाषांतर मूळ मजकूर ठिकठिकाणी आटोपते. फार्सी स्वतः वाचता येत नसेल, तर जाणकाराकडून तेवढे उतारे वाचून घ्या आणि ऋणनिर्देशात तसे सांगा. त्यात कमीपणा नाही. न सांगणे मात्र अंगाशी येते.

प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) असेल तर समानता तपासणीत तुमचेच लेखन जुळते. संपादकाला लिहिलेल्या पत्रात 'हा निबंध अमुक विद्यापीठातल्या प्रबंधाच्या अमुक प्रकरणावर आधारित आहे' हे एक वाक्य घाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तो नियम शिक्षणसंस्थांसाठी आहे. शोधपत्रिकेचा संपादक टक्केवारीपेक्षा कोणते परिच्छेद जुळले, ते पाहतो.

निबंध 'निनावी' करून पाठवा म्हणतात. नाव काढले तरी समीक्षकाला कळले!
– प्राध्यापक, लातूर

नाव तीन-चार ठिकाणी लपून राहते. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव असते. समासातल्या टिपांत आणि बदलांच्या नोंदींत असते. 'मी माझ्या २०१९ च्या लेखात दाखवल्याप्रमाणे' या वाक्यात तर उघडच असते. तिथे स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करा. ऋणनिर्देश आणि अनुदानाची माहिती वेगळ्या शीर्षकपानावर ठेवा. 'संग्रहातील कागद, लेखकाच्या खासगी मालकीचा' अशी तळटीपही ओळख देते. छायाचित्रांच्या फाइलींची नावे विसरू नका.

एका जर्नलने ईमेल पाठवून १५ दिवसांत छापण्याची हमी दिली आहे, 'यूजीसी केअर लिस्टेड' असेही लिहिले आहे. पैसे भरावेत का?
– सहायक प्राध्यापक, धाराशिव

भरू नका. फार्सी कागदांवरचा निबंध जाणकार समीक्षकाने वाचायचा तर पंधरा दिवसांत तो वाचून होत नाही. तीन ते सहा महिने नेहमीचे, वर्षही लागते. केअर ही मान्य पत्रिकांची यादी तर विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदच केली, त्यामुळे आज ते बिरूद जाहिरातीत मिरवणे हीच धोक्याची खूण आहे. पदोन्नतीसाठी सध्या कोणते निकष आहेत, ते आपल्या विद्यापीठाच्या विभागाकडून लेखी घ्या, तोंडी नको. पीएच.डी.साठी म्हणाल तर २०२२ च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची देशव्यापी सक्ती काढली. विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती वेगळी.

मानव्यविद्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या बहुतेक प्रतिष्ठित पत्रिका लेखकाकडून काही घेत नाहीत. मुक्त प्रवेशाच्या (सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या) काही पत्रिका शुल्क घेतात, तेही निबंध स्वीकारल्यानंतर आणि संकेतस्थळावर आकडा जाहीर करून. अशी पत्रिका डोआज या मोफत सूचीत शोधा. स्कोपस या पत्रिकांच्या सूचीत असल्याचा दावा असेल तर तिथल्या मोफत यादीत नाव पाहा आणि पुढे 'बंद' असा शेरा नाही ना, तेही पाहा. नामांकित पत्रिकेचे नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) चोरून उभे केलेले नकली संकेतस्थळ ही आणखी एक फसवणूक आहे. तिच्यापासून वाचायचे तर ईमेलमधल्या दुव्यावरून जाऊ नका. प्रकाशकाच्या मुख्य संकेतस्थळावरून पत्रिकेपर्यंत पोचा. संपादक मंडळातल्या दोघांची विद्यापीठातली पाने उघडा. खरा संपादक तिथे आपल्या पत्रिकेचा उल्लेख करतोच.

अहिल्यानगरच्या दमडी मशिदीच्या कोरीव कामाची माझी स्वतःची छायाचित्रे आहेत. शिवाय एका ग्रंथालयातल्या हस्तलिखिताची मोबाइलवर काढलेली पाने आहेत. परवानगी लागते का?
– वास्तुअभ्यासक, मुंबई

दोन्हींना वेगळे नियम आहेत. मशिदीचे छायाचित्र तुमचे, हक्कही तुमचा. स्मारक संरक्षित असेल तर ट्रायपॉड, दिवे, ड्रोन यांसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी हवी. हस्तलिखित जुने असल्याने मजकुरावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नसतो, पण प्रत ज्याच्या ताब्यात आहे तो संग्रह प्रकाशनाची अट घालू शकतो आणि शोधपत्रिका त्याचे पत्र मागतेच. मोबाइलवर फोटो घेऊ दिला म्हणजे छापू दिले असे नाही. परवानगीचा अर्ज निबंध पाठवण्याआधी करा. अर्जात प्रवेशक्रमांक, पृष्ठक्रमांक, पत्रिकेचे नाव, छापील की डिजिटल, हे लिहा. उत्तराला महिने लागतात आणि स्वीकारलेला निबंध केवळ या एका कागदासाठी अडून राहतो.

छायाचित्र छापील आकाराला ३०० डीपीआय लागते. १५ सेंटिमीटर रुंद छापायचे तर साधारण १,८०० पिक्सेल रुंदी. रेखाचित्रे आणि नकाशे ६०० ते १,२०० डीपीआयचे द्या. व्हॉट्सअॅपवरून आलेले चित्र आकसलेले असते, ते मूळ कॅमेऱ्यातून पुन्हा घ्या. चित्र वर्डच्या फाइलीत चिकटवून एवढेच पाठवले, तर प्रकाशक ते परत करतो. कोरीव लेखाच्या छायाचित्राबरोबर ठसा किंवा निदान तिरप्या उजेडात घेतलेले चित्र असावे. वाचनावर वाद झाला तर समीक्षकाला स्वतः अक्षरे पाहता येतील.

हस्तलिखिताचा संदर्भ देताना शहर, संस्था, संग्रह, प्रवेशक्रमांक, पानाची पुढची की मागची बाजू, हे पाचही घटक हवेत. पुणे पुराभिलेखागारातल्या कागदासाठी दफ्तर, रुमाल आणि कागदाचा क्रमांक. 'पेशवे दफ्तर, पुणे' एवढाच संदर्भ दिला तर तो कागद पुन्हा कोणाला सापडणार नाही.

दोन समीक्षकांचे अभिप्राय एकमेकांविरुद्ध आले. एक म्हणतो फार्सी मजकूर पूर्ण द्या, दुसरा म्हणतो लेख लांब आहे, कापा. मी काय करू?
– अभ्यासक, कोल्हापूर

'सुधारून पुन्हा पाठवा' हे उत्तर चांगले आहे, खचू नका. आधी संपादकाचे पत्र नीट वाचा. तो बहुधा कोणत्या बाजूला झुकतो, ते तिथे कळते. कळत नसेल तर त्यालाच नम्रपणे विचारा: 'पूर्ण पाठ परिशिष्टात दिला तर चालेल का?' तुमच्या बाबतीत हाच मार्ग दिसतो. मुख्य लेखात पाच-सहा ओळींचे अवतरण आणि भाषांतर, पूर्ण सनद परिशिष्टात.

मग उत्तराचे वेगळे टिपण करा. प्रत्येक अभिप्राय जसाच्या तसा उतरवा आणि खाली काय बदलले, कोणत्या पानावर, ते लिहा. मान्य नसलेला मुद्दा टाळू नका. 'समीक्षक ज्या शब्दाला मोकासा वाचतात, तो मूळ कागदात असा आहे, सोबत मोठे चित्र जोडले आहे' असे पुराव्याने सांगा. समीक्षकाला कधी मोडी येत नसते, कधी फार्सी. तुम्हाला दोन्ही येत असतील तर त्याला दिसत नसलेली गोष्ट दाखवणे हे तुमचेच काम आहे. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी वाढवून मागा, बहुतेक संपादक देतात.

माझा लेख एका मराठी त्रैमासिकात आला आहे. तोच इंग्रजीत पाठवू शकतो का? आणि मी निवृत्त शिक्षक आहे, विद्यापीठाशी संबंध नाही.
– वाचक, बीड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. संस्थेच्या जागी 'स्वतंत्र संशोधक' लिहा. निनावी समीक्षेत समीक्षकाला ते दिसतही नाही. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांक मोफत मिळतो, तो घेऊन ठेवा.

मराठी लेखाचा नुसता अनुवाद बहुतेक पत्रिका पूर्वप्रकाशित मानतात. संपादकाला आधीच कळवा आणि मराठी लेखाची प्रत जोडा. नवे कागद किंवा नवा युक्तिवाद भरीस घातला असेल तर काय नवे आहे, ते चार ओळींत लिहा. लपवले आणि नंतर कळले, तर छापलेला लेखही मागे घेतात. एकच निबंध एकाच वेळी दोन पत्रिकांकडे पाठवणेही तितकेच गंभीर धरतात. या क्षेत्रात समीक्षक थोडे आहेत, दोन्ही निबंध एकाच टेबलावर जाऊ शकतात.

इंग्रजी सुधारायला आणि फार्सी वाचायला एआय वापरले तर?
– संशोधक विद्यार्थी, सोलापूर

इंग्रजी सुधारण्यासाठी बहुतेक प्रकाशक परवानगी देतात, पण वापर जाहीर करायला लावतात. एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही. फार्सी शिकस्ता (घाईने, अक्षरे जोडून लिहायच्या) लिपीतली सनद वाचण्यासाठी त्यावर विसंबू नका. तिथे नुक्ते गाळलेले असतात, शब्द एकमेकांत गुंतलेले असतात आणि यंत्र न वाचता येणारी जागा सफाईदार वाक्याने भरून काढते. अशी वाक्ये मूळ कागदाशी ताडली की कोसळतात. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंसात टिंबे द्या. संपादकाला तो प्रामाणिक पाठ जास्त उपयोगी पडतो आणि पुढे कोणाला तो शब्द लागला, तर तुमच्या पाठात तो भरता येतो.